मोठा भूकंप कधी? आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

धक्का बसला की गावात सगळीकडे एकच प्रकार होतो. मांडणीवरची भांडी वाजतात, माणसे अंगणात येतात, आणि उजाडल्यावर पारावर एकच विषय निघतो, ‘हा तर लहान होता, मोठा कधी येणार?’ कोणी अमावास्येचे नाव घेतो. कोणी म्हणतो, भूकंप पहाटेच येतो. कोणी हिशोब मांडतो, किल्लारीला तीस वर्षे होऊन गेली, आता पाळी आपली. दुपारपर्यंत कुणाच्या तरी मोबाईलवर तारीखसुद्धा येऊन पडते. त्या रात्री अर्धे गाव बाहेर झोपते आणि लेकराबाळांचे, म्हाताऱ्यांचे हाल होतात.

शेतकरी बंधूंनो, किनवट तालुक्याला ही चर्चा आता नवी नाही. ११ जुलै २०२१ रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास ४.४ रिश्टरचा धक्का नांदेड, हिंगोली, यवतमाळ या तिन्ही जिल्ह्यांत जाणवला. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात ४.५ चा धक्का बसला आणि अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. १० जुलै २०२४ रोजी हिंगोलीत पुन्हा ४.५ चा. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, हदगाव तालुक्यात ३.८ चा. कळमनुरी आणि हदगावची ही ठिकाणे किनवटपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहेत. म्हणजे विषय दूरचा नाही.

भूकंपांची नोंद यंत्रांवर होऊ लागून सव्वाशे वर्षे झाली. लाखो नोंदी जमल्या आहेत. त्यांच्या आकडेमोडीतून काही नियम असे निघाले आहेत, की ते जपानलाही लागू पडतात आणि कोयनेलाही. काही प्रश्नांना मात्र हे आकडे दाद देत नाहीत. कोणत्या प्रश्नाला उत्तर आहे आणि कोणत्याला नाही, हे गावाला कळले तर तारखेच्या अफवेमागे धावणे थांबेल आणि ती धावपळ घराच्या भिंतीसाठी कामी येईल. म्हणून हा हिशोब तुमच्यापुढे मांडत आहोत.

कुठे येतो?

पहिला प्रश्न ठिकाणाचा. येथे आकडे बरेच बोलतात. जगातले बहुतेक भूकंप ठरावीक पट्ट्यांत होतात. आपल्या देशात हिमालयाचा पट्टा त्यातला मोठा. दक्षिणेचे पठार त्यामानाने शांत. पण शांत म्हणजे मुके नव्हे.

महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण कोयनेचे. १९६२ च्या सुमारास धरणात पाणी साठू लागले आणि परिसरात धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा मोठा भूकंप झाला. तेव्हापासून आजवर तेथे ५ रिश्टरच्या वरचे वीसहून अधिक आणि ४ च्या वरचे दोनशेच्या आसपास भूकंप झाले आहेत. हे सगळे साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या तुकड्यात. शेजारच्या तालुक्यात जा, तेथे काही नाही. एवढेच नव्हे, पावसाळ्यात जलाशय भरला की पुढच्या महिन्यांत धक्क्यांची संख्या वाढते, हेही वर्षानुवर्षांच्या नोंदीतून दिसले. डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी किती वेगाने चढले, किती उंच गेले आणि किती दिवस टिकले याचा धक्क्यांशी मेळ घालून दाखवला.

हे ऐकून लगेच ईसापूर धरणाकडे बोट दाखवू नका. जगात मोठी धरणे हजारोंनी आहेत; धरणामुळे धक्के सुरू झाल्याची ठिकाणे शंभर-सव्वाशेच्या घरात. किल्लारीच्या वेळी माकणीच्या निम्न तेरणा धरणाबद्दल अशीच चर्चा झाली, शास्त्रज्ञांनी तपासले, पण कोयनेसारखा पक्का संबंध सिद्ध झाला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या पूर्वेचे. तेलंगणात गोदावरीचे खोरे म्हणजे जमिनीतली एक फार जुनी खचलेली पट्टी. १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमजवळ मोठा धक्का बसला होता. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी त्याच खोऱ्यात मुलुगु जिल्ह्यात ५.३ चा भूकंप झाला, तो गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरपर्यंत जाणवला. आता नकाशावर बोट ठेवून पाहा. किनवट मध्ये धरले तर नैर्ऋत्येला किल्लारी आणि आग्नेयेला मुलुगु, दोन्ही अंतरे जवळपास सारखी, अडीचशे किलोमीटरच्या घरात. आपण दोन्हींपासून लांब आहोत, पण दोन्हींच्या मधोमध आहोत.

आणि किल्लारी? तेथे मात्र ठिकाणाच्या हिशोबाने दगा दिला. ३० सप्टेंबर १९९३ पर्यंत देशाच्या भूकंप नकाशात तो भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित झोनमध्ये होता. गणपती विसर्जन करून माणसे झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ चा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास आठ हजार माणसे गेली. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला. पहिला झोनच काढून टाकला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात आला. यातला धडा सरपंच-ग्रामसेवकांनी लक्षात ठेवावा. धक्क्यांची नोंद असलेली जागा धोक्याची, हे खरे. पण नोंद नसलेली जागा बिनधोक, असं नाही. आपली नोंद शे-दीडशे वर्षांची, आणि पठारावरच्या भेगा हजारो वर्षे गप्प राहू शकतात.

किती येतात, केवढे येतात?

दुसरा नियम संख्येचा. अमेरिकेतले गुटेनबर्ग आणि रिश्टर या दोघांनी १९४० च्या दशकात तो मांडला. रिश्टरचा आकडा एकाने खाली आला की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. जगभरात ७ ते ८ च्या दरम्यानचे भूकंप वर्षाला सरासरी पंधरा, ६ ते ७ चे सव्वाशे-दीडशे आणि ५ ते ६ चे हजारावर. कोयनेचेच वरचे आकडे पुन्हा वाचा. ५ च्या वरचे वीस, ४ च्या वरचे दोनशे. दहास एक, तोच हिशोब.

याचा आपल्याला उपयोग काय? हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात कित्येक वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात, लोक त्यांना गूढ आवाज म्हणतात. एक ४ चा धक्का असेल तर त्याच्यामागे ३ चे दहा, २ चे शंभर असणारच. हे लहान धक्के जमिनीत फार खोल नसतात तेव्हा वरचा कठीण पाषाण त्यांचा आवाज वर आणतो. हलल्यासारखे वाटत नाही, पण ढगात गडगडावे तसे ऐकू येते. त्यात भुताटकी नाही आणि ज्वालामुखीही नाही.

आता एक गैरसमज. पुष्कळ जण समाधान मानतात, ‘लहान लहान धक्के येऊन जोर निघून जातोय, बरंच आहे, मोठा टळला.’ हिशोब करून पाहा. रिश्टरचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते, दोनाने वाढला की हजारपट. म्हणजे किल्लारीएवढा ६.२ चा जोर काढायचा तर ४.२ चे हजार धक्के बसायला हवेत. २०२४ मधला हिंगोलीचा ४.५ आपल्याला एवढा घाबरवून गेला. किल्लारीत त्याच्या साडेतीनशेपट ऊर्जा बाहेर पडली. थेंब थेंब गळतीने विहीर रिकामी होत नाही, तसेच हे आहे.

धक्क्यामागून धक्के

तिसरा नियम सर्वांत जुना आणि गावाच्या सर्वांत कामाचा. जपानमध्ये १८९१ साली मोठा भूकंप झाला. त्यानंतरचे धक्के ओमोरी नावाच्या शास्त्रज्ञाने दिवसागणिक मोजले आणि १८९४ मध्ये नियम सांगितला: मोठ्या धक्क्यानंतरच्या लहान धक्क्यांची संख्या दिवसांच्या प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर असतील तर दहाव्या दिवशी दहाच्या आसपास आणि शंभराव्या दिवशी एखाद-दुसरा. संख्या भराभर उतरते, पण शेपूट लांब राहते. वर्षाने एखादा धक्का बसला म्हणून नवे संकट आले असे समजू नये, आणि दुसऱ्याच दिवशी सारे शांत वाटले म्हणून तडा गेलेल्या घरात झोपायला जाऊ नये. दुसरे असे की, मागून येणाऱ्यांतला सर्वांत मोठा धक्का मूळ धक्क्यापेक्षा साधारण सव्वा आकड्याने लहान असतो. ६.२ च्या मागे ५ चा येऊ शकतो, आणि अगोदर खिळखिळी झालेली भिंत पाडायला तेवढा पुरे.

यावर तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवे, ‘पण लहानाच्या मागे मोठा येत नाही काय? किल्लारीला आलाच की!’

खरे आहे. किल्लारीत ऑगस्ट १९९२ पासून धक्के सुरू झाले होते. शंभरावर धक्के बसले. ऑक्टोबर १९९२ मध्ये ४ च्या आसपासचा एक झाला. लोक रात्री बाहेर झोपू लागले. मग धक्के कमी झाले, लोक घरात परतले, आणि सुमारे वर्षभराने तो काळा दिवस आला. हे आठवले की मराठवाड्यातल्या कोणालाही लहान धक्का लहान वाटत नाही, आणि ते साहजिक आहे.

पण दुसरी बाजूही मोजायला हवी. नांदेड शहरात २००७ च्या अखेरीस असेच धक्के आणि आवाज सुरू झाले. लोक घराबाहेर झोपले, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यंत्रे बसवली. मोठा भूकंप आला नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून हजारो धक्के नोंदले गेले, सर्वांत मोठा ४ च्या थोडा वर. तेथेही पुढे किल्लारी झाली नाही. जगभरच्या नोंदी एकत्र धरल्या तर एखाद्या धक्क्यानंतर आठवडाभरात त्याहून मोठा धक्का येण्याचे प्रमाण ठोकळमानाने शंभरात पाचेक आहे. तो ‘मोठा’ही बहुतेक वेळा थोडाच मोठा असतो.

शंभरात पाच म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. एवढ्या शक्यतेवर कोणी घर सोडून जात नाही. पण एवढ्या शक्यतेवर तो बांध फुटू नये म्हणून फावडे मात्र हाताशी ठेवतो. धक्का बसल्यावर पहिले काही दिवस जरा जपून राहावे, कच्च्या भिंतीखाली खाट टाकू नये, हे शहाणपण आहे. महिनोन्‌महिने थंडी-पावसात बाहेर झोपणे हे नाही.

वार, वेळ आणि तिथी

आता पारावरचे तर्क तपासू. पंचांग घरोघरी आहे, त्यामुळे हा भाग तुम्ही स्वतः करून पाहू शकता.

आपल्याला माहीत असलेले नऊ भूकंप घेऊ. कोयना १९६७, किल्लारी १९९३, जबलपूर १९९७ (२२ मे), भूज २००१ (२६ जानेवारी), ११ जुलै २०२१ चा आपल्याकडचा, हिंगोलीचे दोन, हदगावचा आणि मुलुगुचा. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे दोन दिवसांत यातले किती? किल्लारीला चतुर्दशी सरून पौर्णिमा लागत होती. जबलपूरला बुद्ध पौर्णिमा होती. भूजला अमावास्या होऊन दुसरी तिथी. २०२१ ला अमावास्या सरून एकच दिवस झालेला. हे चार झाले. कोयनेला शुद्ध दशमीचा सुमार, म्हणजे नाही. हिंगोलीचे दोन, हदगावचा आणि मुलुगुचा, हेही त्या दोन दिवसांत बसत नाहीत. नऊपैकी चार.

‘बघा, जवळपास निम्मे!’ असे म्हणण्याआधी एक गणित करा. अमावास्येचे मागचे दोन, पुढचे दोन आणि ती स्वतः असे पाच दिवस, पौर्णिमेचेही पाच. महिन्यातले तीसपैकी दहा दिवस झाले. म्हणजे चंद्राचा काहीही संबंध नसला तरी नऊपैकी तीन भूकंप या दिवसांत पडणारच. चार पडले. एकाच्या फरकावर कोणी सिद्धांत बांधू नये. चंद्राच्या ओढीचा थोडा परिणाम जमिनीवर होतो, हे शास्त्रज्ञही मानतात. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी फार मोठ्या भूकंपांच्या नोंदीत त्याची पुसट खूण दाखवली. पण तेवढ्यावर, पौर्णिमेला घराबाहेर झोपा, असे कोणी सांगत नाही. वर्षात बारा-तेरा पौर्णिमा येतात आणि भूकंपाविना जातात. त्या मात्र कोणी मोजत नाही.

वेळेची गंमत याहून मोठी आहे. कोयना पहाटे चार वाजून गेल्यावर, किल्लारी चारला चार मिनिटे कमी, जबलपूर पुन्हा पहाटे चारनंतर. भूज सकाळी पावणेनऊला. आपल्याकडचे सगळे सकाळी सहा ते साडेआठ-पावणेनऊच्या आत. वरच्या नऊच्या नऊ नोंदी पहाट ते सकाळ! यावर कोणीही शपथ घेऊन सांगेल, भूकंप सकाळीच होतो.

मग आता दुसरी यादी घ्या. देशाच्या अलीकडच्या इतिहासातले सर्वांत प्रचंड तीन भूकंप: आसामचा १२ जून १८९७ चा सायंकाळी पाचनंतर, बिहारचा १५ जानेवारी १९३४ चा दुपारी दोननंतर, आसामचा १५ ऑगस्ट १९५० चा संध्याकाळी साडेसातनंतर. तिन्ही दुपार ते संध्याकाळ. २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंप दुपारी बाराच्या आधी. यादी कोणी केली आणि कशी केली, यावर नियम ठरतो. नऊ-दहा नोंदींतून हवा तो नियम काढता येतो. लाखो नोंदी घेतल्या की मोठ्या भूकंपांना घड्याळ नाही, हे स्पष्ट होते. रात्री-पहाटे लहान धक्के जास्त ‘होतात’ असे जे वाटते, त्याचे कारणही साधे आहे. तेव्हा माणूस अंथरुणावर निवांत पडलेला असतो, ट्रॅक्टर-मोटारींचा आवाज नसतो, म्हणून बारीक कंपही कळतो. यंत्रालासुद्धा रात्री जास्त ऐकू येते.

पहाटेच्या भूकंपात माणसे जास्त मरतात, हे मात्र खरे. ती वेळेची करणी नाही. त्या वेळी माणूस घरात असतो आणि मरण घराच्या भिंतीत असते.

पाळीचा हिशोब

‘तीस वर्षे झाली, आता पाळी’ हा तर्क शिकलेल्यांनीही करून पाहिला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पार्कफील्ड नावाचे खेडे आहे. तेथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली सारख्याच आकाराचे भूकंप झाले. सरासरी काढली तर बावीस वर्षांनी एक. एवढी नियमित रांग पाहून तेथल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की पुढचा १९९३ पर्यंत येईल. गावाभोवती यंत्रेच यंत्रे बसवली. १९९३ साल उजाडले आणि मावळले. भूकंप आला नाही. तो आला २८ सप्टेंबर २००४ रोजी, अकरा वर्षे उशिरा. आणि त्याच १९९३ साली, जेथे कोणी वाट पाहत नव्हते, त्या किल्लारीत मात्र आला. वेळेच्या हिशोबाची मर्यादा याहून स्पष्ट काय सांगणार?

असे का होते? हाताने फोकून पेरलेले शेत आठवा. बी कुठे दाट पडते, कुठे टिचभर जागा मोकळी राहते. पेरणाऱ्याने मुद्दाम तसे केलेले नसते. तिफणीने पेरल्यासारखे सरळ अंतर हाताच्या फेकीत येतच नाही. मोठे भूकंप काळाच्या शेतात असे फोकलेले आहेत. दोन वर्षांत तीन आले की आपण म्हणतो पृथ्वी खवळली. दहा वर्षे आला नाही की म्हणतो आता येणारच. दोन्ही वेळा आपण फेकीच्या पेरणीत तिफणीच्या ओळी शोधतो. मागून येणारे लहान धक्के मात्र वेगळे. ते एकाच बुडख्याच्या फुटव्यांसारखे खरोखरच एकत्र येतात, म्हणून त्यांना ओमोरीचा नियम लागतो.

चीनमध्ये १९७५ साली हायचेंगला लहान धक्क्यांच्या खुणेवरून लोकांना वेळेत बाहेर काढता आले, याचा गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी तांगशानला अशी खूण मिळाली नाही आणि दोन लाखांवर माणसे मेली. आज २०२४ च्या धक्क्यांनंतरही जगातली कोणतीही सरकारी संस्था भूकंपाची तारीख आणि वेळ सांगत नाही. म्हणून मोबाईलवर तारीख आली की ती खोटी आहे, एवढे बिनदिक्कत धरून चाला. खरी नोंद हवी असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची पाहावी. ती धक्का होऊन गेल्यावर केंद्र आणि तीव्रता सांगते, आधी नाही.

मग हाती काय आहे?

तारीख हाती नाही, भिंत आहे. किल्लारीत काय पडले ते पाहा. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत-बाहेर दगडांची दोन तोंडे आणि मध्ये भर. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा लांब दगड नाही. वर माळवद, त्यावर दर पावसाळ्याआधी टाकलेली पांढरी माती, थरावर थर. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर एक फूट माती धरली तर एकशेवीस घनफूट झाली. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तरी चोपन्न क्विंटल वजन झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर. भिंतीला पोट सुटलेले असेल तर ते खाली यायला काही सेकंद लागतात. त्याच भागात हलक्या छपराची, लाकडाच्या मेढींवर उभी घरे तग धरून राहिली.

किनवट-माहूर पट्ट्यात तांड्यांवर, वाड्या-पाड्यांवर कुडाची घरे अजून आहेत. लोक त्यांना गरिबीची खूण मानतात. भूकंपात मात्र कुडाची भिंत माणसाला क्वचितच मारते. काळजी जुन्या दगडमातीच्या वाड्यांची आहे, आणि त्याहून जास्त अर्धवट पक्क्या घरांची. घरकुलाचा हप्ता मिळतो, विटांच्या भिंती उभ्या राहतात, वर स्लॅब किंवा पत्रे पडतात; पण पैसे वाचवायला पट्टी गाळली जाते. हे करू नका.

घर बांधणाऱ्याने गवंड्याकडून एवढे करून घ्यावे:

जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली अशी सळई घातलेली काँक्रीटची पट्टी घराला सलग फिरवावी. पेटीला आवळलेली दोरी जे काम करते, ते काम ही पट्टी भिंतींना करते. कोपऱ्यात उभी सळई द्यावी. दार-खिडकी कोपऱ्याला चिकटवू नये. दगडी भिंत असेल तर ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घालावा.

जुने माळवद असेल त्याने नवी माती टाकण्याआधी जुनी काढावी. गळती थांबवायला थराची जाडी वाढवू नये. पोट सुटलेल्या भिंतीला टेकू द्यावा आणि तिच्याकडे उशी करून झोपू नये. उतरंड, धान्याच्या कोठ्या, लोखंडी कपाट खाटेपासून लांब ठेवावे.

ग्रामपंचायतीने आणि तलाठी-ग्रामसेवकांनी (पदांची नावे बदलली तरी काम तेच) एक साधी वही ठेवावी. धक्का बसला की तारीख, घड्याळातली अचूक वेळ, नुसता आवाज की हालचाल, भांडी पडली की नुसती वाजली, कोणत्या वस्तीला जास्त जाणवले, विहिरीच्या पाण्यात फरक पडला काय, एवढे लिहावे. भिंतीच्या तड्याच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारून तारीख टाकावी. काळ्या मातीवरच्या घरांना उन्हाळ्यात तडे जातातच. तडा धक्क्याने वाढला की मातीने, हे रेघेवरून कळते आणि पंचनाम्याच्या वेळी वादही होत नाही. शाळा, अंगणवाडी आणि समाजमंदिर या तीन इमारतींची तपासणी ग्रामसभेत विषय घेऊन बांधकाम विभागाकडे मागावी. दिवसा धक्का बसला तर गावची सगळी लेकरे तेथेच असतात.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. किनवटसारख्या दूरच्या तालुक्यातली नोंद ही यंत्रांच्या जाळ्यातली मोकळी जागा भरून काढते. जुन्या भूकंपांबद्दल शास्त्रज्ञांना आज जे माहीत आहे, त्यातले पुष्कळसे अशाच कारकून-पाटलांच्या दप्तरांतून आलेले आहे. आपण आज लिहिलेली ओळ पुढच्या पिढीच्या नकाशात कामी येईल.

किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. तो सगळा खर्च, ती सगळी धावपळ भूकंप होऊन गेल्यावरची. त्याच्या कितीतरी कमी पैशांत पट्टी बसते, माळवदाची माती उतरते, भिंतीला टेकू लागतो. येत्या उन्हाळ्यात शेतीची कामे आटोपली की घराभोवती एक फेरी मारा आणि कोणती भिंत आधी पडेल, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवा. डागडुजी त्या भिंतीपासून सुरू करा.